पानगळीचा पाचोळा : जाळू नका, कुट्टी करून आच्छादन करा



माघ-फाल्गुनात झाडांची पाने पिवळी पडून गळू लागतात. थंडी सरते, ऊन तापू लागते आणि जमिनीतील ओल खोल जाते. अशा वेळी पाण्याचा खर्च कमी करण्यासाठी झाड जुनी पाने टाकून देते. ही पाने बुंध्याभोवती पडून मुळांवरची जमीन झाकतात. पुण्यासारख्या ठिकाणी वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. फेब्रुवारी ते मे हा काळ जवळजवळ कोरडाच जातो. म्हणजे जमिनीला पांघरुणाची सर्वांत जास्त गरज असते, नेमके तेव्हाच झाड ते पुरविते. आपण मात्र तो पाचोळा झाडून ढीग करतो आणि त्याला काडी लावतो.

थंड देशांत पानगळ हिवाळ्यापूर्वी होते. तेथील लोक हिरवळीवर पडलेल्या पानांवरूनच हिरवळ कापण्याचे यंत्र, म्हणजे लॉन मोअर, फिरवितात आणि पानांचा चुरा जागेवरच राहू देतात. आपल्याकडे पानगळीनंतर बर्फ नव्हे तर उन्हाळा येतो. त्यामुळे हीच पद्धत आपल्याला ओल टिकविण्यासाठी अधिक उपयोगी आहे.

जाळल्याने काय जाते?

पाचोळा जाळला की त्यातील सेंद्रिय कर्ब आणि बहुतेक सर्व नत्र धुरावाटे निघून जाते. राखेत पालाश, चुना व थोडे स्फुरद राहते. पण तेही वाऱ्याने उडते. आगीच्या जागी मातीतील जिवाणू मरतात, तसेच जवळच्या झाडाची साल व वरची मुळे भाजतात.

पुण्यातील नारायण पेठेचे उदाहरण घ्या. मुठेच्या उजव्या काठावरची ही जुनी, दाट वस्ती. अनेक वाडे जाऊन तेथे इमारती उभ्या राहिल्या. तरी आवारांत, देवळांजवळ व नदीच्या बाजूला मोठी झाडे आढळतात. अशा अरुंद बोळात पोतेभर पाने पेटविली तरी धूर थेट घराघरांत शिरतो. लहान मुले, वृद्ध आणि दम्याचे रुग्ण यांना त्याचा त्रास होतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये देशभर उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई केली. साध्या प्रकरणी ५ हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५ हजार रुपये भरपाई ठरविली. खेड्यात बांधावर पाला पेटविणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे.

कुट्टी कशासाठी?

आंबा, फणस, वड, पिंपळ, देशी बदाम यांची पाने जाड व चिवट असतात. त्यांच्यावर मेणासारखा थर असतो. अशी अखंड पाने कौलांसारखी एकावर एक बसतात. त्यांवरून पाणी घसरून जाते, खाली हवा खेळत नाही आणि वाऱ्याने पाने उडूनही जातात. पान चिरले की मेणाचा थर तुटतो, कडा उघड्या होतात, त्यांतून ओल व जिवाणू आत शिरतात आणि कुजणे लवकर सुरू होते. तुकडे एकमेकांत गुंतून जागेवर बसतात. शिवाय तीन-चार पोत्यांचा पाचोळा साधारण एका पोत्यात मावतो, त्यामुळे वाहतूक सोपी होते. विलायती शिरीष, गुलमोहोर यांची बारीक पाने मात्र तशीच वापरता येतात. त्यांच्या कुट्टीवर खर्च करू नये.

यंत्राची निवड

हिरवळ कापणारी यंत्रे मुख्यतः दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात आडव्या नळकांड्यावर पाती बसविलेली असतात. ते यंत्र गवत कात्रीसारखे छान कापते, पण पाचोळ्यासाठी उपयोगाचे नाही. दुसऱ्या प्रकारात पाते पंख्यासारखे जमिनीला समांतर फिरते. पाचोळ्यासाठी हेच यंत्र घ्यावे. बाजूचे तोंड बंद करता येत असेल तर पाने आतच फिरून पुन्हा पुन्हा कापली जातात.

केवळ पाचोळ्यासाठी असे यंत्र विकत घेण्याची गरज नाही. गावात किंवा शेजारच्या सोसायटीत असेल तर दोन दिवस भाड्याने आणावे. मोठ्या बागेत ट्रॅक्टरवर चालणारे पाचट कुट्टी यंत्र अधिक परवडते. कडब्याच्या कुट्टी यंत्रात सुटी पाने नीट ओढली जात नाहीत. चार-दोन पोतीच पाला असेल तर कडक वाळलेली पाने पोत्यात भरून पायाने तुडविली तरी काम भागते.

कृती

१. पाने वाळलेली असावीत. ओली पाने पात्याला चिकटून यंत्र अडते. सकाळचे दव उडाल्यावर काम सुरू करावे.

२. पाचोळ्यातून दगड, तार, काच, प्लॅस्टिक, करवंट्या व जाड काटक्या वेचून काढाव्यात.

३. मोकळ्या, सपाट मातीच्या जागेवर किंवा हिरवळीवर पाने साधारण वीतभर जाडीने पसरावीत. फरशीवर यंत्र चालवू नये. खडा उडून इजा होते.

४. पाते सर्वांत उंच ठेवून यंत्र हळू चालवावे. नंतर पाते थोडे खाली घेऊन आडव्या दिशेने दुसरा फेरा द्यावा. तुकडे रुपयाच्या नाण्याएवढे झाले की पुरे.

५. हिरवळीवर चुरा राहू द्यायचा असेल तर थर पातळ ठेवावा. गवताची पाती वर दिसत राहिली पाहिजेत. जास्तीचा चुरा उचलून झाडांच्या आळ्यात टाकावा.

आच्छादन किती व कसे?

आच्छादनापूर्वी आळ्यातील तण काढून भरपूर पाणी द्यावे. कोरड्या जमिनीवर आच्छादन केल्यास हलके पाणी वरच्या वर शोषले जाते. ठिबकच्या नळ्या आच्छादनाखाली ठेवाव्यात. कुट्टीचा थर ५ ते ८ सें.मी. जाडीचा असावा. बुंध्याभोवती १० ते १५ सें.मी. जागा मोकळी सोडावी, नाहीतर ओलीने साल कुजते आणि वाळवीला आसरा मिळतो.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर ५ सें.मी. थर द्यायला ५० लिटर कुट्टी लागते. आळ्याचा व्यास ४ मीटर असेल तर क्षेत्र सुमारे साडेबारा चौरस मीटर भरते. म्हणजे सव्वासहाशे लिटर, अर्थात १०० लिटर मावणारी सहा पोती कुट्टी लागेल. त्यासाठी सुमारे वीस पोती कच्चा पाचोळा जमवावा लागेल. त्यामुळे सगळ्या बागेत पातळ विखुरण्याऐवजी आधी नवीन लावलेल्या कलमांना पुरेसे आच्छादन करावे. ती उन्हाने लवकर दगावतात.

नत्राचा प्रश्न

वाळलेल्या पानांत कर्ब भरपूर आणि नत्र कमी असते. ती मातीत मिसळली तर कुजविणारे जिवाणू मातीतील नत्र उचलतात आणि पीक काही काळ पिवळे पडते. म्हणून ताजी कुट्टी मातीत गाडू नये, वरच पसरावी. कुट्टीचे खत करायचे असेल तर उसाच्या पाचटासाठी वापरले जाणारे प्रमाण घेता येईल : एक टनास ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू. म्हणजे १०० किलो पाचोळ्यास ८०० ग्रॅम युरिया, १ किलो सुपर फॉस्फेट व १०० ग्रॅम जिवाणू. रासायनिक खत नको असल्यास थरांवर शेणकाला शिंपडावा. ढीग सतत ओलसर ठेवून महिन्यातून एकदा खालीवर करावा.

कोणता पाचोळा वापरू नये?

रोगट पाने आच्छादनासाठी वापरू नयेत. डाळिंबाच्या तेल्याग्रस्त बागेतील आणि अंजिराच्या तांबेरा पडलेल्या बागेतील पाने वेगळी गोळा करून बागेबाहेर न्यावीत व कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसार नष्ट करावीत. त्यांवरून यंत्र फिरविल्यास रोगाचे कण बागभर पसरतात, आणि तेच यंत्र निरोगी बागेत नेले तर रोगही तेथे पोहोचतो. निलगिरीच्या पानांत तेल असते. ती काही महिने कुजवूनच वापरावीत.

शहराचा पाचोळा, शेताची गरज

शहरात पाचोळा जास्त आणि माती कमी; शेतात नेमके उलट. पुण्यात २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘ब्राऊन लीफ’ या नागरिकांच्या उपक्रमाने पाचोळा नको असणारे आणि हवा असणारे यांची गाठ घालून दिली. शहराजवळचे भाजीपाला व फळबागायतदार, रोपवाटिकावाले यांनी या मार्गाचा विचार करावा. बाजारात माल उतरवून रिकामा परतणारा टेम्पो पाचोळ्याची पोती आणू शकतो. मात्र नुसता पाचोळा आणला तर टेम्पो हवेनेच भरतो. आधी कुट्टी करून घेतली तर तेवढ्याच फेरीत तिप्पट-चौपट माल येतो. सोसायटीला तशी विनंती करावी. रस्त्याच्या कडेच्या पाल्यापेक्षा आवारातील पाला स्वच्छ असतो. तरीही पोते उघडून काच, प्लॅस्टिक पाहूनच बागेत टाकावे.

काळजी घ्या

यंत्र अडले तर आधी बंद करावे. पेट्रोलच्या यंत्राच्या प्लगची तार काढावी, विजेच्या यंत्राचा प्लग उपसावा. त्यानंतरच पात्याजवळ हात न्यावा. पायात बंद बूट असावेत, नाकातोंडाला फडके बांधावे आणि मुलांना दूर ठेवावे. गरम इंजिनात पेट्रोल भरू नये, तसेच सायलेन्सरवर बसलेला चुरा झाडून काढावा. वाळलेले आच्छादन उन्हात लवकर पेट घेते. म्हणून बागेभोवती दोन मीटर पट्टा साफ ठेवावा आणि बागेत विडी-काडी टाळावी. भारी काळ्या जमिनीत पावसाळ्यात ओल हटत नसेल तर उरलेले आच्छादन बाजूला ओढावे.

येत्या पानगळीला सर्व बाग झाकण्याचा विचार करू नका. एका ओळीतील कलमांना आच्छादन करा आणि शेजारची ओळ तशीच ठेवा. एप्रिलमध्ये पाणी दिल्यानंतर पाचव्या दिवशी दोन्ही ओळींत चार बोटे माती उकरून ओल पाहा. दोन्हींतला फरक तुमच्या हातालाच कळेल. मग पुढल्या वर्षी किती पाचोळा जमवायचा ते तुमचे तुम्हीच ठरवा.