फॉर्मवरची चौकट आणि मागची खतावणी

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला कीर्द आणि खतावणी यांतला फरक सांगावा लागत नाही. संगणकावरील डेटाबेसच्या फॉर्मचे दुखणे ओळखण्यास तेवढे ज्ञान पुष्कळ झाले, असे माझे मत आहे. १९९२ साली आलेला मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस आजही लहान पेढ्यांत वापरला जातो. म्हणून उदाहरण त्याचेच घेऊ.

समजा, सौसर-पांढुर्णा भागातील एका कापूस खरेदीदाराने फॉर्म केला आहे. त्यात शेतकऱ्याचे नाव, तहसील, जिल्हा, वजन आणि बँकेचा खातेक्रमांक अशा चौकटी आहेत. प्रत्येक चौकट टेबलातील एका रकान्याला जोडलेली असते. चौकट ही केवळ खिडकी. माल आत टेबलात असतो.

चौकटीत 'नेम' हा शब्द प्रश्नचिन्हासह उमटला, तर तिला सांगितलेल्या नावाचा रकाना मागे सापडत नाही. बहुधा कोणी तरी टेबलात नाव बदललेले असते. उलट, चौकट कशालाच जोडलेली नसेल तर तक्रार काहीच दिसत नाही. लिहिलेले पुढच्या नोंदीवरही तसेच राहते आणि फॉर्म बंद करताच नाहीसे होते. हा दोष अधिक वाईट, कारण तो गप्प असतो.

चौकटीत लिहिताच येत नसेल, तर फॉर्मला हात लावण्याआधी त्यामागची क्वेरी उघडावी व तेथे लिहून पाहावे. तेथेही लिहिता येत नसेल तर फॉर्म निर्दोष आहे. तहसीलवार बेरजा करणाऱ्या क्वेरीत लिहिता येत नाही, आणि ते योग्यच आहे. एकूण वजनात फेरफार केला तर तो कोणत्या शेतकऱ्याच्या खाती टाकायचा? क्वेरीत लिहिता येते पण फॉर्मवर नाही, असे असेल तर मात्र चौकट कुलूपबंद आहे का ते पाहावे.

आता वजन. अ‍ॅक्सेसमध्ये अंकांचा रकाना केला की तो आपण होऊन पूर्णांकाचा होतो. १२.४० क्विंटल लिहिले की टेबलात १२ राहतात; शेतकऱ्याचे ४० किलो गेले. पुष्कळजण येथे चौकटीची मांडणी बदलतात व दोन दशांश स्थळे मागतात. मग १२.०० दिसते. आकडा नीटनेटका झाला, पण ४० किलो परत आले नाहीत! रकान्याचा प्रकारच बदलावा लागतो, आणि जुन्या नोंदी काट्याच्या पावत्या पाहून पुन्हा भराव्या लागतात. खातेक्रमांकही अंकांच्या रकान्यात ठेवू नये. आरंभीचे शून्य गळते. ज्याची बेरीज करायची नाही, तो आकडा मजकूर म्हणून ठेवणे बरे.

जिल्ह्याची गोष्ट आमच्याकडे ताजी आहे. २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला व सौसर तहसील त्यात गेली. यादीतूनच निवडण्याचे बंधन असलेल्या चौकटीत 'पांढुर्णा' लिहिले तर संगणक ते नाकारणार. यादीत नाव घातले पाहिजे. आपोआप येणारे 'छिंदवाडा' बदलून 'पांढुर्णा' केले तरी ते नव्या नोंदींनाच लागू होते. जुन्या नोंदी तशाच राहतात. त्या तहसील पाहून वेगळ्या सुधाराव्या लागतात.

शिवाय आम्ही सौसर लिहितो, हिंदीत सौंसर लिहितात. आपल्या कानडी विभागाच्या वाचकांना बेळगाव आणि बेळगावी आठवेल. माणसाला गाव एकच, संगणकाला दोन. म्हणून यादीत नाव दिसावे आणि टेबलात गावाचा क्रमांक जावा, अशी जोडणी करतात. तेथे नावाऐवजी भलताच आकडा दिसू लागला, तर यादीतील कोणता रकाना दाखवायचा आणि कोणता साठवायचा यांची अदलाबदल झाली आहे का, ते प्रथम पाहावे.

एक लहान खूण राहिली. नोंदीच्या डाव्या कडेला पेन्सिल दिसते तोवर लिहिलेले टेबलात गेलेले नसते. त्याच क्षणी पावती छापली तर तीवर जुनेच वजन येते. पुढच्या नोंदीवर जाऊन परत आले की नवे येते.