उताऱ्यावरील शब्दार्थाचे प्रश्न : संदर्भातून अर्थनिश्चिती

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर आपल्याला –
• शब्दाचा कोशातील अर्थ आणि संदर्भातील अर्थ यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• उताऱ्यातील संकेतांच्या आधारे अपरिचित शब्दाचा अर्थ ठरविता येईल.
• दिलेल्या पर्यायांतून योग्य पर्याय सकारण निवडता येईल.

१. प्रास्ताविक

राज्यसेवा पूर्व परीक्षेची दुसरी प्रश्नपत्रिका असो वा नेट परीक्षेची पहिली, दोन्हींत उताऱ्याचे आकलन तपासले जाते. ‘अधोरेखित शब्दाचा अर्थ कोणता?’ हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. पण जाणत्या वाचकाचे गुण अनेकदा येथेच जातात. शब्द ओळखीचा असतो, त्याचा एक अर्थ चटकन आठवतो आणि तो पर्यायांतही असतो. येथे विचारलेले असते ते मात्र वेगळेच. शब्दाचा अर्थ काय होतो, हे परीक्षकाला नको असते. या वाक्यात तो शब्द कोणत्या अर्थाने आला आहे, हे हवे असते.

हा विचार आपल्या परंपरेला नवा नाही. भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त अनेकार्थी शब्दाचा अर्थ निश्चित करणारी साधने सांगितली आहेत. संयोग, विरोध, प्रकरण, औचित्य, देश, काल ही त्यांपैकी काही होत. ‘सैंधव आण’ असे जेवताना म्हटले तर मीठ आणावयाचे आणि प्रवासाला निघताना म्हटले तर घोडा, हे शास्त्रग्रंथांतील प्रसिद्ध उदाहरण याच तत्त्वाचे आहे.

२. नमुना उतारा

पुढील उतारा लक्षपूर्वक वाचा.

“त्या वर्षी मृगात थोडा शिडकावा झाला आणि पुढे पावसाने अशी ओढ दिली की, पेरलेले बियाणे मातीतच करपले. नळाचे पाणी आठवड्यातून एकदा येऊ लागले. तेव्हा गावाला चावडीमागच्या जुन्या आडाची आठवण झाली. गाळ उपसल्यावर दिसले की, त्यातला झरा अव्याहत होता. इतक्या वर्षांत तो एकदाही खंडला नव्हता. आड बुजवू नका, असे बजावणाऱ्या म्हाताऱ्यांचा सल्ला किती डोळस होता, हे तेव्हा सर्वांना उमगले.”

३. अर्थनिश्चितीच्या पायऱ्या

(अ) पर्याय झाकून वाचा. ‘ओढ’ या शब्दासाठी आसक्ती, प्रवाहाचा जोर, खंड आणि पैशाची चणचण असे चार पर्याय आहेत, असे समजा. ‘माहेरची ओढ’, ‘नदीच्या पाण्याला ओढ आहे’, ‘महिनाअखेरीची ओढ’ असे आपण बोलतोच. म्हणजे चारही अर्थ मराठीत खरे आहेत. म्हणून पर्याय पाहण्यापूर्वी वाक्य पूर्ण वाचून आपल्या शब्दांत अर्थ सांगावा. बियाणे करपले, हा परिणाम आहे. त्याचे कारण पाऊस थांबणे हेच असू शकते. उत्तर : खंड.

(आ) शेजारचे वाक्य पाहा. ‘अव्याहत’ हा शब्द माहीत नसला तरी पुढच्याच वाक्यात लेखकाने त्याचाच अर्थ उलगडला आहे : झरा खंडला नव्हता. ‘म्हणजे’, ‘अर्थात’ हे शब्द पुनरुक्ती सुचवितात; ‘परंतु’, ‘मात्र’, ‘उलट’ हे विरोध दाखवितात; ‘म्हणून’, ‘त्यामुळे’ हे कार्यकारणभाव सांगतात.

(इ) शब्दाची घडण तपासा, पण तिच्यावर विसंबू नका. अ + व्याहत, म्हणजे ज्यात अडथळा आलेला नाही असा. येथे घडण उपयोगी पडते. परंतु ‘अपार’ या शब्दात ‘अप’ हा उपसर्ग नाही. तो अ + पार असा आहे. घडणीवरून काढलेला अर्थ वाक्यात बसतो का, हे नेहमी पडताळावे.

(ई) वाच्यार्थ अडतो का, ते पाहा. सल्ल्याला डोळे नसतात. येथे मुख्यार्थ बाधित होतो आणि लक्षणेने ‘विचारपूर्वक, दूरदृष्टीचा’ असा अर्थ घ्यावा लागतो. शब्दशक्तींचा आपला अभ्यास असा परीक्षेतही कामी येतो.

(उ) निवडलेला पर्याय वाक्यात ठेवून पाहा. ‘पावसाने असा खंड दिला’ हे वाक्य अर्थाने जुळते. ‘अशी आसक्ती दिली’ हे जुळत नाही. लिंगानुसार शेजारच्या शब्दाचे रूप बदलले तरी चालेल. उताऱ्याचा आशय बदलता कामा नये.

४. प्रौढ विद्यार्थ्यांसाठी विशेष सूचना

शेत, बाजार, कचेरी आणि घर यांतून आपण मोठा शब्दसंग्रह कमावलेला असतो. पावसाची ओढ ज्याने सोसली आहे, त्याला तो अर्थ पाठ करावा लागत नाही. हे आपले भांडवल आहे. मात्र सवयीचा अर्थ घाईने लावणे, हा त्याच भांडवलाचा धोका आहे. उत्तर न सुचल्यास आधी न जुळणारे पर्याय वगळावेत. नेट परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत; म्हणून तेथे प्रश्न रिकामा सोडू नये. इतरत्र गुणवजावटीची सूचना वाचूनच निर्णय घ्यावा.

५. सारांश

शब्दार्थाच्या प्रश्नात कोश साहाय्यक असतो; निर्णय वाक्य देते. आधी वाक्य, मग शेजार, मग घडण आणि शेवटी पर्याय, हा क्रम अंगी बाणवावा.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘नाद’ या शब्दाचा अर्थ सांगा : (क) घंटेचा नाद दूरवर ऐकू गेला. (ख) तरुणपणी त्यांना नाटकाचा नाद होता.
२. ‘अनुपम’ या शब्दात ‘अनु’ हा उपसर्ग आहे का?

उत्तरे

१. (क) ध्वनी (ख) छंद.
२. नाही. अन् + उपमा. ज्याला उपमा नाही असा.