पंच्याहत्तर मिलिग्रॅमचे वजन

आमच्या शेजारचे काका भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत तीस वर्षे फाउंड्रीत होते. आज ते ६६ वर्षांचे आहेत. आधी मधुमेह व रक्तदाब आणि त्यांच्या पाठोपाठ मूत्रपिंडाचा जुनाट विकार, असा त्यांचा प्रवास. एका संध्याकाळी ते घरी आले. एका मित्राने त्यांना सांगितले होते, “रोज छोटी अ‍ॅस्पिरिन घे, हार्ट अ‍ॅटॅक टळतो.” दुसऱ्याने बजावले होते, “किडनीवाल्याने अ‍ॅस्पिरिनला हात लावू नये.” काका म्हणाले, “सर, तुम्ही सायन्सचे. यातले खरे कोणाचे?”

मी पदार्थविज्ञान शिकवतो, औषधे देत नाही. काकांना मी त्यांच्या डॉक्टरांकडेच जायला सांगितले. पण प्रश्न मोठा मजेदार आहे, आणि तो सोडवायला तुमच्या शाळेतले गणित पुरते.

प्रथम मूत्रपिंड पाहू. निरोगी माणसाची दोन मूत्रपिंडे मिळून मिनिटाला सुमारे १२५ मिलिलिटर द्रव रक्तातून गाळतात. याला १४४० मिनिटांनी गुणा. दिवसाला १८० लिटर! त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सारा परत रक्तात घेतला जातो. हा वेग तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिला, की त्याला जुनाट विकार म्हणतात. काकांचे क्रिअ‍ॅटिनीन २·१ होते. त्यावरून व वयावरून त्यांचा वेग सुमारे ३४ निघतो.

आता अ‍ॅस्पिरिन. ती नेमके काय करते, हे १९७१ साली लंडनमध्ये जॉन व्हेन यांनी दाखवले. शरीरातील पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये बनवतात आणि अ‍ॅस्पिरिन ती बनवणारे विकरच बंद पाडते. १९८२ चे नोबेल पारितोषिक व्हेन यांना स्वीडनच्या बर्गस्ट्रोम व सॅम्युएलसन यांच्याबरोबर मिळाले. रक्ताची गुठळी बांधणाऱ्या रक्तपट्टिकांतही हे विकर असते. अ‍ॅस्पिरिन त्याला कायमची चिकटते.

येथे एक गंमत आहे. आमच्या पिंपरीला औषधे नवी नाहीत. १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचे पेनिसिलीन देशभर गेले. हे पेनिसिलीन मूत्रपिंडे काही तासांत बाहेर टाकतात आणि त्याचे कामही संपते. अ‍ॅस्पिरिनचे तसे नाही. तिचा रक्तातील अर्धायुकाल अवघा वीसेक मिनिटांचा. दोन तासांत सहा अर्धायुकाल होतात, म्हणजे चौसष्टावा भाग उरतो. तरीही परिणाम कित्येक दिवस राहतो. असे का? रक्तपट्टिकेला केंद्रक नसते. बंद पडलेल्या विकराच्या जागी तिला नवे बनवता येत नाही. आठ-दहा दिवसांचे तिचे आयुष्य तसेच संपते. म्हणून रोज ७५ मिलिग्रॅम पुरते. मूत्रपिंडाच्या पेशींना मात्र केंद्रक असते. त्या नवे विकर बनवतात, त्यामुळे एवढ्या लहान मात्रेचा त्यांना फारसा त्रास होत नाही.

मग दुसऱ्या मित्राचे म्हणणे खोटे का? अगदीच नाही. वेदनाशामकाच्या मोठ्या मात्रा, तसेच आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या दिवसभर ते विकर दाबून ठेवतात. मूत्रपिंडात रक्त आणणाऱ्या सूक्ष्म रोहिण्या रुंद ठेवायला प्रोस्टाग्लँडिने मदत करतात. शरीरातले पाणी कमी झाले, किंवा मूत्रपिंड आधीच दुबळे असले, तर या मदतीची गरज फार. नळीतून वाहणारा द्रव त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो, हा प्वाझय यांचा नियम. त्रिज्या दहा टक्क्यांनी घटली तर ०·९ चा चौथा घात, म्हणजे ०·६५६. प्रवाह एक तृतीयांशाने कमी! शरीर यावर काही उपाय करते, त्यामुळे हिशेब इतका सरळ राहत नाही. पण दिशा हीच. भट्टीजवळ घाम गाळून, पाणी कमी पिऊन, पाठदुखीवर रोज गोळी घेणारे कामगार चाकण-भोसरीच्या पट्ट्यात मी पाहिले आहेत. मला त्यांचीच अधिक काळजी वाटते.

आता तराजू हाती घेऊ. एका पारड्यात टळलेले हृदयविकार, दुसऱ्यात रक्तस्राव. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘असेंड’ चाचणीत १५,४८० मधुमेही होते. सरासरी ७·४ वर्षे पाहणी झाली. हृदय व रक्तवाहिन्यांचे गंभीर प्रसंग अ‍ॅस्पिरिनविना ९·६ टक्के, अ‍ॅस्पिरिनसह ८·५ टक्के. मोठे रक्तस्राव ३·२ वरून ४·१ टक्के. म्हणजे हजारात ११ जण वाचले, ९ जणांना मोठा रक्तस्राव झाला. काटा जवळजवळ मध्यावर! त्याच वर्षीच्या ‘अ‍ॅस्प्री’ चाचणीत बहुतेक लोक सत्तरीपुढचे होते. तेथे हृदयाला ठळक लाभ दिसलाच नाही, रक्तस्राव मात्र वाढले.

मूत्रपिंडाच्या विकारात दोन्ही पारडी जड होतात. हृदयविकाराचा धोका वाढतो, आणि साचलेल्या टाकाऊ द्रव्यांमुळे रक्तपट्टिका मंदावून रक्तस्रावही वाढतो. ‘हॉट’ या रक्तदाबाच्या जुन्या चाचणीतील आकडे २०१० साली पुन्हा तपासले गेले. गाळण्याचा वेग ४५ हून कमी असलेल्यांत हजारामागे ७६ प्रसंग टळले व २७ मोठे रक्तस्राव वाढले, असा हिशेब निघाला. वाचताच वाटते, द्या अ‍ॅस्पिरिन! पण थांबा. असे रुग्ण अवघे ५३६ होते, आणि हा प्रश्न चाचणी संपल्यावर विचारला गेला. नाणे वीस वेळा उडवून चौदा छाप पडले, म्हणून नाणे खोटे ठरत नाही.

ज्यांना आधीच हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, त्यांचे पारडे स्पष्ट झुकते. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय मूत्रपिंड मार्गदर्शिकेनेही अशा रुग्णांना लहान मात्रा सुचवली आहे. त्यांनी ती कोणाच्या सांगण्यावरून आपल्या मनाने बंद करणे धोक्याचे. ज्यांना असे काही झालेले नाही, त्यांचा हिशेब डॉक्टर एकेकाचा मांडतात.

काकांच्या डॉक्टरांनी विचारले: छातीत कधी दुखले का, पोटात व्रण झाला होता का, आणखी कोणत्या गोळ्या घेता? पहिल्या दोन्हींना उत्तर ‘नाही’ होते. तिसऱ्याला काकांनी खिशातून आयबुप्रोफेनची पट्टी काढून टेबलावर ठेवली. गुडघ्यांसाठी दुकानातून परस्पर घेतलेली. ही गोळी आधी घेतली तर अ‍ॅस्पिरिनची विकरावरची जागा अडवते, हेही त्यांना तेथेच कळले. डॉक्टरांनी अ‍ॅस्पिरिन लिहून दिली नाही. ती पट्टी मात्र ठेवून घेतली, आणि महिन्याने क्रिअ‍ॅटिनीन पुन्हा तपासायला बोलावले.