गल्ल्यातली नाणी आणि भंगाराचा भाव



चौथीला 'नाणी व नोटा' शिकवताना आपण सगळे एकच करतो. खोट्या नोटा वाटायच्या, दुकान मांडायचं, सुटे पैसे द्यायला लावायचे. यंदा मी मुलांना घरच्या गल्ल्यातली खरी नाणी आणायला सांगितली. एका मुलाने पाच रुपयांची दहा नाणी आणली, सगळी जुनी, जाड. म्हणाला, "बाई, ही परत न्यायचीत. बाबा साठवतात. भंगारवाले काका म्हणालेत, किलोवर घेतो."

वर्ग हसला. मी हसले नाही, कारण भंगारवाल्याचं गणित चुकीचं नव्हतं. पाठ तिथूनच सुरू झाला.

आधी चुंबक

सगळी नाणी चटईवर पसरली आणि स्पीकरमधून काढलेलं चुंबक फिरवलं. हल्लीचे एक रुपये, दोन रुपये टपाटप चिकटले, कारण ते पोलादाचे आहेत. जाड पाच रुपये जागचे हलले नाहीत. मुलांना वाटलं, चुंबक बिघडलं! हे नाणं तांबं आणि निकेल यांच्या मिश्रणाचं असतं, शंभर भागांत तांबं 75 आणि निकेल 25. कडेला मधोमध बारीक खाच असते, त्यावरून बोटांनाही ते ओळखता येतं. जुनं दोन रुपयांचं नाणंही याच मिश्रणाचं. त्याच्या बाजू मोजायला सांगा. मुलं आठ म्हणतील, दहा म्हणतील. आहेत अकरा. भूमितीच्या तासाला असं साधन विकत मिळत नाही.

आता एक गंमत. निकेल एकटं असेल तर ते चुंबकाला चिकटतं. 1947 चा वाघाचं चित्र असलेला रुपया निकेलचा आहे. कुणाच्या घरी असेल तर लावून बघा. तांब्यात मिसळलं की मात्र निकेलचा तो गुण जातो. 'का?' असं एका मुलीने विचारलं. चौथीच्या मुलांना पटेल असं उत्तर मला देता आलं नाही, तिला तसं सांगितलं आणि प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला.

मग वजन

शेजारच्या किराणा दुकानातून इलेक्ट्रॉनिक काटा आणला. एकच नाणं ठेवलं तर काटा नीट दाखवत नाही, म्हणून दहा ठेवली. 90 ग्रॅमच्या आसपास आली. म्हणजे एक नाणं 9 ग्रॅमचं. दहाने भागायला कुणालाही सांगावं लागलं नाही, हे खास नोंदवते.

9 ग्रॅममध्ये तांबं 6.75 ग्रॅम, निकेल 2.25 ग्रॅम. हे मोठ्या वर्गांना करू द्या, चौथीला मी फळ्यावर करून दाखवलं. धातूचे भाव रोज बदलतात, म्हणून गणितापुरते धरले: तांबं किलोला 800 रुपये, निकेल 1400 रुपये. तांब्याचे 5 रुपये 40 पैसे, निकेलचे 3 रुपये 15 पैसे. बेरीज 8 रुपये 55 पैसे.

वर्ग गप्प झाला. पाच रुपयांचं नाणं साडेआठ रुपयांचं कसं?

हा प्रश्न सरकारलाही पडतो. नाणं पाडतात तेव्हा धातू स्वस्त असतो, पुढे भाव चढतो आणि नाण्यावरचा आकडा तिथेच राहतो. मग लोक ते नाणं खर्च करत नाहीत, बाजूला ठेवतात आणि हलकं नाणं पुढे करतात. म्हणून आपल्याकडे नाण्यांचा धातू वारंवार बदलत आला. कणसांचा एक रुपया 1983 ते 1991 या काळात तांबं-निकेलचा, 6 ग्रॅमचा होता. 1992 पासून पोलादाचा, 4.85 ग्रॅमचा झाला. 2011 पासूनचा 3.79 ग्रॅमचा आहे. तिन्ही शेजारी ठेवा, महागाई न शिकवता दिसते. 2007 च्या सुमारास आपली नाणी बांगलादेशात नेऊन दाढीची पाती बनवतात अशा बातम्या होत्या, तेव्हा पूर्वेकडे सुट्या पैशांची ओढाताण झाली होती.

इथे मुलं एक हमखास गोंधळ घालतात, मोठेही घालतात. नाणं पाडायचा खर्च आणि नाण्यातल्या धातूची किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 2018 मध्ये माहितीच्या अधिकारात बाहेर आलेल्या आकड्यांनुसार एक रुपयाचं नाणं पाडायला 1 रुपया 11 पैसे खर्च येत होता. त्यात टांकसाळीतली मजुरी, यंत्रं, साचे सगळं आलं. भंगारवाला फक्त धातूचे देणार, मजुरीचे नाही. म्हणून पोलादी रुपये साठवून काही हाती लागत नाही.

कायदा काय म्हणतो

हा भाग मुलांपेक्षा पालकांसाठी. चलनातलं नाणं वितळवणं किंवा नष्ट करणं 2011 च्या नाणे कायद्याने गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. एवढं बहुतेकांना ऐकून माहीत असतं. पुढचं माहीत नसतं: दर्शनी किमतीपेक्षा वेगळ्या किमतीला विकण्यासाठी किंवा वितळवण्यासाठी गरजेपेक्षा खूप जास्त नाणी जवळ बाळगणं हेही त्याच कलमात येतं. गरज किती, हे ठरवताना माणसाचा धंदा, रोजची सुट्यांची गरज, नाणी कशी मिळवली हे बघतात. मुलाचा गल्ला यात येत नाही, घाबरू नका. भंगारवाल्यासाठी भरलेला डबा मात्र येऊ शकतो.

आजीचे तीन रुपये

जुन्या चांदीच्या रुपयांची गोष्ट वेगळी, ते आज चलनात नाहीत. दुसऱ्या दिवशी एक मुलगी आजीचे तीन रुपये रुमालात बांधून घेऊन आली, आजीही सोबत आली. त्या रुपयांचे नातीसाठी पैंजण करायचे ठरलं होतं आणि सोनार तिन्ही एकाच भावाने घेणार होता. मी फक्त साल वाचायला सांगितलं. दोन 1918 चे, एक 1944 चा.

वजन तिन्हींचं सारखंच, 11.66 ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. पण 1939 पर्यंतच्या रुपयात शंभरात जवळजवळ 92 भाग चांदी असते, म्हणजे 10.69 ग्रॅम. महायुद्धात चांदी पुरेना, तेव्हा 1940 पासून ती निम्म्यावर आणली, 5.83 ग्रॅम. आजीला म्हटलं, तिसरा रुपया बाकीच्या दोघांच्या बरोबरीचा नाही आणि ते दोघे तिसऱ्याच्या भावाने देऊ नका. आजी म्हणाल्या, "राजा तर एकच दिसतोय." मग नातीनेच त्यांना दाखवलं की चेहरेही वेगळे आहेत. शिक्षकांनो, चार अंकी संख्येचं वाचन इतकं मोलाचं मी तरी कधी शिकवलं नव्हतं. पैंजण झाले की नाही, मी विचारलं नाही. रुपये अजून रुमालातच आहेत असं मुलगी म्हणते.

आणि तो डबा

त्या मुलाचे बाबा चहाची टपरी चालवतात. आठवड्याने शाळेत आले, पिशवीत प्लास्टिकचा डबा. मुलाने घरी सगळं सांगितलं होतं. "बाई, मी गुन्हा केला का?" त्यांचा आवाज खरंच उतरला होता. मी कलमातलं वाचून दाखवलं आणि म्हटलं, अजून विकली नाहीत ना, मग पाच रुपयांची नाणी आहेत, पाच रुपयांनी खर्च करा. डब्यात 4 किलो नाणी. मुलानेच हिशेब केला: 4000 भागिले 9, सुमारे 444 नाणी, 2220 रुपये. तीन वर्षं टपरीतून थोडे थोडे बाजूला काढलेले. बाबा आकड्याकडे बघत राहिले. त्यांच्या डोक्यात डबा होता, रक्कम नव्हती. त्याच वर्षी त्यांनी गॅसच्या टाकीसाठी उसने घेतले होते, हे त्यांनीच सांगितलं.

सहलीची फी 300 रुपये भरायची राहिली होती. ती त्यांनी तिथेच, डब्यातून भरली. साठ नाणी मी टेबलावर सहा थप्प्या लावून मोजली, मुलाने पुन्हा मोजली. (रुपयाची आणि त्यावरची नाणी एका वेळी हजार रुपयांपर्यंत कायद्याने चालतात, पन्नास पैशांची दहा रुपयांपर्यंत. नाकारलीत तर हे सांगा.) बाकीची ते दुधवाल्याला आणि किराणावाल्याला देणार होते.

त्यातली तीन नाणी मी पंधरा रुपये देऊन बदलून घेतली. ती आता चुंबकासोबत वर्गातल्या खोक्यात आहेत, पुढच्या चौथीसाठी.