बसतं ते जमतंच असं नाही

मोशी,
गुरुवार

चि. सोनू हिस,


तुझी यादी व्हॉट्सअ‍ॅपवर आली तेव्हा मी सेकंड शिफ्टला होतो. रात्री साडेबाराला घरी आलो, जेवण गरम केलं आणि ताटाशेजारी फोन ठेवून यादी दोनदा वाचली. फार आनंद झाला. दाजी तयार कॉम्प्युटर घेऊन द्यायला राजी होते, पण तू म्हणालीस की मी सुटे भाग आणून स्वतः जोडणार, आणि शिकवण्या घेऊन साठवलेले ७० हजार त्यात घालायला निघालीस. म्हणून फोनवर न सांगता लिहून देतोय. खरेदीला जाताना हा कागद बरोबर ने.

यादीत एक चूक आहे. वर रायझन ५ ७६०० प्रोसेसर, खाली बी ५५० चिपसेटचा बोर्ड आणि डीडीआर ४ रॅम. ७६०० हा एएम ५ सॉकेटचा, बी ५५० एएम ४ चा. एएम ४ मध्ये प्रोसेसरच्या पोटाला १३३१ पिना असतात आणि सॉकेटला भोकं. २०२२ साली एएम ५ आलं त्यात उलटं झालं: प्रोसेसरचं पोट सपाट, त्यावर सोनेरी ठिपके, आणि १७१८ पिना सॉकेटात. ही दोन एकमेकांत जाणारच नाहीत. बोर्ड बी ६५० घे, रॅम डीडीआर ५, झालं. या चुकीची मला काळजी वाटली नाही. ती कागदावर सापडते, नाहीतर दुकानाच्या काउंटरवर सापडते, आणि कुणाचं काही जळत नाही.

मी बावीस वर्षं भोसरी एमआयडीसीत गेज बनवतोय, तुला माहीत आहे. लहानपणी तू माझ्या खिशातला प्लग गेज काढून खेळायचीस. त्याचं एक टोक ‘गो’, दुसरं ‘नो गो’, नो गोच्या बाजूला लाल पट्टा. भोकात गो आपल्या वजनाने उतरला पाहिजे आणि नो गो अडला पाहिजे. नवीन पोरगा आला की पहिले आठ दिवस गेज ढकलतो. त्याला एकच सांगतो, हात ढिला सोड, गेजला बोलू दे. कॉम्प्युटर जोडताना तुझा हात तसाच ढिला राहू दे.

चुकीचा भाग चुकीच्या जागी बसूच नये अशी घडण करण्याला आमच्याकडे पोका-योके म्हणतात. शिगेओ शिंगो या जपानी इंजिनिअरचा हा शब्द, आता चाकणच्या प्रत्येक लाइनवर भिंतीला लावलेला दिसतो. रॅमची पट्टी हातात घेऊन बघ. डीडीआर ४ लाही २८८ पिना, डीडीआर ५ लाही २८८, लांबीही तीच. फरक खालच्या खाचेत आहे. खाच जरा सरकवली आहे, तेवढ्यानेच एकीच्या जागी दुसरी बसत नाही. इतकं चांगलं काम बघितलं की मला बनवणाऱ्याबद्दल आदर वाटतो.

वेगवेगळ्या देशांत बनलेले भाग तुझ्या टेबलावर एकत्र येतात, त्यामागेही कुणीतरी ठरवून दिलेली मापं आहेत. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्सची मापं ठरवली: बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, स्क्रूची भोकं अमुक ठिकाणी. धाकटा मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४. आमच्याकडे शाफ्ट आणि भोकासाठी आयएस ९१९ आहे, तसंच हे. एसएसडीचं ‘२२८०’ हे नावही मापच आहे, २२ मिलिमीटर रुंद, ८० लांब.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते. जे बसत नाही त्याला भिऊ नकोस. जे बसतं, खटकन लॉक होतं, आणि तरी एकमेकांशी जमत नाही, त्याला भी.

चार वर्षांपूर्वी माझा जुना एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, गेला. तो मॉड्युलर होता, म्हणजे केबल डब्याला कायमच्या जोडलेल्या नसतात, हव्या तेवढ्या लावायच्या. नवा आणला तो दुसऱ्या कंपनीचा, तोही मॉड्युलर. जुन्या केबल मी बोर्डाच्या मागून ओढून, टाय मारून, छान बसवलेल्या होत्या. त्या सोडायचा कंटाळा केला. नव्या डब्याला जुन्याच केबल लावल्या. सगळ्या लागल्या, एकही अडली नाही, प्रत्येकीचा ‘टक्’ आवाज आला. बटण दाबलं आणि दोन सेकंदांत वास आला. कॉइल जळल्यावर येतो तसा, पण बारीक. बोर्ड वाचला. हार्ड डिस्क आणि एसएसडी दोन्ही गेल्या.

कारण मागाहून कळलं. डिस्कच्या, बोर्डाच्या, ग्राफिक्स कार्डाच्या बाजूच्या पिना ठरलेल्या आहेत, जगभर त्याच. एसएमपीएसच्या बाजूला मात्र कुठल्या पिनेतून काय बाहेर पडावं याचं एकमत नाही. ज्याची त्याची मांडणी, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही वेगळी. जिथे ५ व्होल्ट जायचे तिथे माझ्या हाताने १२ व्होल्ट गेले. प्लग त्याच आकाराचा असल्यामुळे खाचेने मला अडवलं नाही. त्या डिस्कवर तुझ्या आजीचे आळंदीचे फोटो होते, शेवटच्या कार्तिकीचे, इंद्रायणीच्या घाटावरचे. दुसरीकडे कुठे ठेवले नव्हते. ताईला मी हे अजून सांगितलेलं नाही, तू सांगितलंस तरी चालेल. म्हणून ज्या खोक्यातून एसएमपीएस निघाला त्याच खोक्यातल्या केबल लावायच्या, दुसऱ्या कुणाच्या नाहीत, उसन्याही नाहीत. खोक्यातली जादा केबलची पिशवी फेकू नकोस, तिच्यावर मॉडेलचं नाव लिहून ठेव.

एसएमपीएसवर पैसे वाचवायचे नाहीत, ही माझी एकच जबरदस्ती समज. कॅबिनेटबरोबर फुकट येतो तो घ्यायचा नाही. घेताना डब्यावरचा मोठा आकडा सोड आणि बाजूचं लेबल वाच. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघ आणि बाराने गुण. ४५ अँपिअर असतील तर ५४० वॅट, तो ५५० चा डबा खरा. वर ५०० लिहिलंय आणि १२ व्होल्टला २० अँपिअर, म्हणजे खेळताना उपयोगी पडणारे २४० च वॅट. तुझं कार्ड आरटीएक्स ४०६०, त्याची भूक ११५ वॅटची. प्रोसेसर कागदावर ६५ चा, जोर लावला की ८८ पर्यंत जातो. पंखे, डिस्क, बोर्ड धरून ५५० त आरामात बसतं, कंपनीही या कार्डाला ५५० च सांगते. उरलेली जागा पुढे कार्ड बदलशील तेव्हा लागेल.

बसूनही न जमणाऱ्या आणखी काही गोष्टी आहेत, पण त्यांत नुकसान नाही, फक्त घाम फुटतो. बोर्डाचा सॉकेट बरोबर असला तरी त्यातला बायोस जुना असेल तर नंतर आलेला प्रोसेसर त्याला ओळखत नाही. पंखे फिरतात, स्क्रीन काळी. तुझ्या ७६०० ला ही अडचण येऊ नये. दुकानदाराने २०२४ मध्ये आलेल्या ९००० मालिकेतला गळ्यात घातला तर मात्र बायोस कुठला आहे ते विचार. प्रोसेसर न लावताही बायोस बदलता येतो असं बटण काही बोर्डांच्या मागे असतं. त्यासाठी थोडे जास्त पडले तरी दे. नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला प्रोसेसर घेऊ नकोस, त्यात स्वतःचं ग्राफिक्स नसतं. साध्या ७६०० मध्ये छोटंसं आहे. कार्ड बिघडलं किंवा उशिरा घेतलंस तरी मशीन चालू राहील, आणि दोष कुठे आहे तेही शोधता येईल.

एम.२ च्या खाचेत दोन जातींच्या एसएसडी येतात, एनव्हीएमई आणि साटा. आकार एकच. खाच एनव्हीएमईची असेल आणि तू साटाची लावलीस तर ती बसेल आणि दिसणार नाही. रॅम ८-८ च्या दोन पट्ट्या, प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. ६००० ची रॅम घेतलीस तरी बायोसमध्ये जाऊन एक्सपो ही सेटिंग चालू करेपर्यंत ती ४८०० च्या आसपास चालते, लोक वर्षानुवर्षं तशीच चालवतात. १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजमध्ये जाऊन १४४ वर ठेवावा लागतो. आणि त्याची केबल कार्डाला लावायची, बोर्डाला नाही. हे वाचताना सोपं वाटतं, रात्री अकरा वाजता मागे वाकून लावताना हात बोर्डाकडेच जातो.

कॅबिनेट घेताना माझी स्टीलची पट्टी घेऊन जा. कार्डाची लांबी आणि कूलरची उंची मिलिमीटरमध्ये लिहून ने. कॅबिनेटवर लिहिलेली लांबी पुढचा पंखा धरून आहे की न धरता, तेही विचार. आतले पितळी खांब बोर्डाच्या भोकांखालीच हवेत. एखादा नको तिथे राहिला तर तो बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट करतो. बसवण्याआधी बोर्ड वर धर आणि खांब मोज.

तुझं व्हॅलोरंटचं वेड मला माहीत आहे. त्याला प्रोसेसरचा वेग जास्त लागतो, कार्ड कमी. मोठ्या गोष्टींचे गेम उलटे. म्हणून ७६०० वर तू टाकलेला भर मला पटला. १०८० पिक्सेलचा मॉनिटर घेणार असशील तर ४०६० च्या वर जायची गरज नाही. उरले तर खुर्ची घे.

जून महिन्यात तू चाकणला अ‍ॅप्रेंटिस म्हणून आलीस की मशीन इथेच राहणार, तेव्हा मोशीचंही ऐक. हायवेवरून रात्रभर चाकणकडे कंटेनर धावतात आणि बोऱ्हाडेवाडीच्या बाजूला बांधकामं संपत नाहीत. आमच्या खिडकीच्या चौकटीवर सकाळी पुसलं तर दुपारी बोट उमटतं. पुढे जाळीचा फिल्टर असलेलंच कॅबिनेट घे, दर पंधरा दिवसांनी तो धुवायचा, आणि मशीन जमिनीवर ठेवायचं नाही. लाइट जाते-येते म्हणून यूपीएस लागेल. पण ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे, साधारण ३६० च वॅट, आणि त्याला मॉनिटरही जोडायचा आहे. खोलीचं अर्थिंग मी गेल्या रविवारी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतलं, ठीक आहे.

जोडणीच्या दिवशी घाबरवणाऱ्या दोन गोष्टी आधीच सांगतो. सॉकेटची दांडी खाली दाबताना कर्र आवाज येतो, बरंच बळ लागतं आणि काळं प्लॅस्टिकचं झाकण आपोआप उडतं. काही मोडलेलं नसतं. ते झाकण जपून ठेव, वॉरंटीला मागतात. हात ढिला ठेव असं मी म्हणालो, त्याला ही दांडी अपवाद. दुसरं, पहिल्यांदा चालू केलंस की स्क्रीन काही मिनिटं काळीच राहील. डीडीआर ५ ची रॅम आणि प्रोसेसर एकमेकांची चाल ओळखून घेत असतात. बटण पुन्हा पुन्हा दाबू नकोस. चहा ठेव.

तू विचारलं होतंस की सुटे भाग जोडून केलेली गोष्ट खरंच कंपनीच्या तोडीची होते का. पुण्यातच बघ. अमेरिकेने क्रे महासंगणक हवा तसा द्यायचा नाकारला, तेव्हा १९८८ मध्ये सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि विजय भटकरांच्या लोकांनी १९९१ मध्ये परम ८००० करून दाखवला.  आतले ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचे, बाजारात मिळणारे. असे ६४ एकत्र काम करतील अशी जुळवणी इथे झाली. कस लागला तो त्या जुळवणीत.

प्रत्येक वस्तूचं जीएसटीचं पक्कं बिल घे, त्यावर सीरियल नंबर टाकायला लाव. माझी सुट्टी गुरुवारची. बुधवारच्या रात्रीच्या एसटीने निघालीस तर नाशिक फाट्यापर्यंत जाऊ नकोस, मोशीतच उतर, मी घ्यायला येईन. जोडणी तू करायची. मी शेजारी बसून फक्त स्क्रू हातात देईन.

तुझा,
मामा

ता. क. – त्या कार्तिकीला तू पण आळंदीला होतीस आणि तुझ्या हातात ताईचा जुना फोन होता. त्यात आजीचा एखादा फोटो राहिला असेल तर येताना घेऊन ये. दोन ठिकाणी ठेवू.