डेटाचं करिअर: काटोलच्या मुलांनी सुरुवात कुठून करावी?

बारावीचा निकाल लागला की काटोल-नरखेडकडचे पालक हल्ली हमखास विचारतात, "पोराला डेटा सायन्सले टाकलं तर चालते का?" कॉलेजची फी, नागपुरातल्या खोलीचं भाडं आणि संत्र्याचा यंदाचा भाव, असा सगळा हिशेब त्या प्रश्नात असतो. माझं उत्तर हो असंच आहे. पण कोर्स निवडण्याआधी कंपनीत हे काम नेमकं काय असतं, ते समजून घ्या.

समजा, एखादी कंपनी आपल्या भागातून संत्रा विकत घेते. एक बाग झाडावरच उक्ती घेतलेली, दुसरीचा भाव हजार नगावर, तिसरीचा टनावर. एकच व्यापारी एका पावतीवर आडनावाने, दुसरीवर दुकानाच्या नावाने. चुरी, म्हणजे बारीक फळं, वेगळी काढली की मालातच धरली, हे कुणी लिहिलेलंच नाही. अशा नोंदींवर मालक विचारतो, "गेल्या वर्षी संत्रा सरासरी काय भावाने पडला?" कॉम्प्युटर क्षणात आकडा देईल, पण तो कामाचा नसेल. अंबिया बहार ऑक्टोबर ते डिसेंबरात निघतो, मृग फेब्रुवारी-मार्चमध्ये. दोन्हींची सरासरी एकत्र केली, तर त्या आकड्यावर ना अंबियाची खरेदी ठरवता येते ना मृगाची.

नोंदी एका मापात आणायच्या, दुहेरी नावं जुळवायची, शंका आली तर खरेदी केलेल्या माणसाला फोन लावायचा. बँक असो, दवाखाना असो की सिमेंटचा कारखाना, डेटाच्या नोकरीतला बराच वेळ यातच जातो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि लहान व्यापाऱ्याची बिलंही कॉम्प्युटरवर चढली. नोंदींची कमी आता कुठेच नाही. त्या नोंदींमागचा धंदा ओळखणारी माणसं मात्र थोडी आहेत, आणि बागेत वाढलेल्या मुलीला अंबिया-मृगातला फरक कुणी शिकवावा लागत नाही. ही तिची खरी पात्रता आहे. पालकांनी ती कमी लेखू नये.

अर्थात तेवढ्याने नोकरी मिळत नाही. आधी एक्सेल नीट शिका, पिव्हट टेबलपर्यंत. मग एसक्यूएल. ही भाषा आयबीएममध्ये १९७० च्या दशकात जन्मली आणि आजही जवळपास प्रत्येक मोठ्या कंपनीत तिच्यावाचून चालत नाही. सोबत सरासरी, मध्यक, टक्केवारी पक्की करा. पायथन आणि पॉवर बीआय त्यानंतर. एआय आता एसक्यूएल लिहून देतो, हे खरं आहे. पण उक्ती बागेचा व्यवहार टनांच्या रकान्यात शिरला, हे पकडायला जाणकार माणूसच लागतो.

सराव फुकट होतो. पणन मंडळाच्या आणि अॅगमार्कनेटच्या संकेतस्थळांवर बाजार समित्यांची आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर मिळतात. उदाहरणार्थ, आपला संत्रा घेणाऱ्या बांगलादेशाने त्यावरचं आयात शुल्क वाढवत नेलं, २०२३ मध्ये ते किलोमागे ८८ रुपयांवर गेलं. त्याआधीचे आणि नंतरचे नागपूर बाजाराचे दर शेजारी मांडून बघा. झाडावर विकलेल्या बागा या आकड्यांत येत नाहीत, हेही अहवालात लिहा. मुलाखतीत असा एक अहवाल दहा प्रमाणपत्रांपेक्षा जास्त बोलतो.

शिक्षणाच्या वाटा अनेक आहेत. नागपूर विद्यापीठाचा बीसीसीए, संख्याशास्त्र घेऊन बीएस्सी, साधं बीकॉमसुद्धा चालतं. आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम २०२० मध्ये सुरू झाला. त्याला जेईई लागत नाही; काही आठवडे अभ्यास करून पात्रता परीक्षा द्यायची. मधल्या टप्प्यावर पदविका घेऊन थांबता येतं, कमी उत्पन्नाच्या घरांना फीमध्ये सवलतही आहे. शिकवणं इंग्रजीत आहे, म्हणून मराठी माध्यमाच्या मुलांनी पहिले काही महिने जड जातील असं धरूनच चालावं. टीसीएस, इन्फोसिस, पर्सिस्टंट आणि डेटाचंच काम करणारी इन्फोसेप्ट्स, या सगळ्यांची कार्यालयं नागपुरात आहेत. पुण्याला जाणं ही सक्ती नाही.

तीन महिन्यांत शंभर टक्के नोकरीची हमी देणाऱ्या क्लासला फी भरण्याआधी विचारा: मागच्या तुकडीतली मुलं आज कुठे आहेत, त्यांच्यापैकी दोघांशी बोलता येईल का? टाळाटाळ झाली तर पैसे भरू नका.

आणि एक विनंती. आपल्याकडे बागेचा हिशेब, कर्ज, व्याज मुलांपासून लपवलं जातं. यंदा ती वही त्यांच्या हाती द्या. खत, फवारणी, तोडणी, मजुरी धरून झाडामागे खर्च किती आला आणि हातात काय उरलं, हे त्यांनाच एक्सेलमध्ये मांडू द्या. या कामात ते रमतात की कंटाळतात, हे महिन्याभरात तुम्हालाही दिसेल, त्यांनाही. प्रवेशाचा फॉर्म त्यानंतर भरा.