भाकरीची चिंता : सुर्वे ते ‘अधांतर’

नारायण सुर्वे यांच्या ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) व ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या संग्रहांत दारिद्र्याची झळ आहे. तथापि कामगाराचा आपल्या वर्गसामर्थ्यावरील भरवसा अढळ आहे. १८ जानेवारी १९८२ पासूनच्या मुंबईतील गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पुष्कळांना पुन्हा काम मिळाले नाही. पगार थांबताच वाण्याची उधारी तुंबली, खानावळवालीचे उत्पन्न आटले, गावची मनिऑर्डर बंद पडली. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकात ही बेकारी गिरणगावातील एका खोलीत नांदते : एक मुलगा लेखक होऊ पाहतो, दुसरा गुंडगिरीकडे वळतो. सुर्व्यांच्या कवितेत भाकरी लढून मिळवायची असते. येथे लढण्याचे ठिकाणच उरलेले नाही. मराठी कामगार साहित्यातील हे स्थित्यंतर ध्यानी घेतले पाहिजे.